शून्य ते शंभर

नाताळपूर्वीच्या एखाद्या रविवारी धर्मग्रामाच्या सभागृहात गीतस्पर्धा असते. अशा वेळी पुढच्या खुर्च्यांत न बसता पडद्यामागच्या अरुंद जागेत थोडा वेळ उभे राहिले, तर संगीतशिक्षणाविषयी पुष्कळ काही कळते. व्हायोलिनची पेटी उराशी धरून दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बसलेली असते. तिच्या ओठांना कोरड पडलेली असते. आई तिची रिबन नीट करीत विचारते, ‘जमेल ना गं?’ मुलगी म्हणते, ‘बघू.’ आई म्हणते, ‘घाबरू नकोस, देवाचं नाव घे.’ एवढ्या दोन-तीन वाक्यांत आपल्याकडचे आत्मविश्वासाचे सारे शास्त्र आटोपते. मुलगी रंगमंचावर जाते, चांगली वाजवते किंवा तिसऱ्या ओळीत अडखळते, आणि ती का अडखळली याचा विचार फारसा कोणी करीत नाही. ‘सराव कमी पडला’ असा निकाल शिक्षक देतात, ‘नजर लागली’ असा आजी.

त्या ‘बघू’मध्ये नेमके काय दडलेले असते, ते मोजता येते काय, आणि मोजून वाढवता येते काय, हे प्रश्न पाश्चात्त्य संगीतशिक्षणाच्या क्षेत्रात गेली पंचवीसएक वर्षे गांभीर्याने विचारले जात आहेत. त्यासंबंधीचे जे लेखन माझ्या वाचनात आले त्याचा परामर्श घ्यावा, त्यातले घेण्याजोगे काय आणि शंका घेण्याजोगे काय ते मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी मानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तीसेक वर्षे धर्मग्रामाच्या गायनवृंदाला शिकवले, एवढाच माझा अधिकार. त्या काळात माझ्या हातून घडलेली एक चूक मनात सलत राहिली, म्हणून या विषयाकडे वळलो. तिच्याविषयी पुढे सांगेन.

या साऱ्या विचाराचा उगम आल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञापाशी आहे. १९२५ साली कॅनडातील आल्बर्टा प्रांतातल्या एका छोट्या गावी, पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरितांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९५३ पासून ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन करीत होते आणि २०२१ साली वयाच्या ९५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सापांच्या भीतीने ज्यांचे जगणे अवघड झाले होते अशा माणसांवर त्यांनी केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. उपचार करणारा आधी स्वतः साप हाताळून दाखवी. मग रुग्णाने दुरून पाहायचे, मग जवळ यायचे, मग हातमोजे घालून स्पर्श करायचा आणि अखेरीस साप हाती घ्यायचा. भीती जात असे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या माणसांना इतरही अवघड गोष्टी आपल्याला जमतील असे वाटू लागे. या निरीक्षणातून १९७७ साली बांडुरांनी आपला सिद्धान्त मांडला. एखादे विशिष्ट काम तडीस नेण्याची क्षमता आपल्यात आहे, हा माणसाचा जो स्वतःविषयीचा समज, त्यावर त्याचे प्रयत्न, त्याची चिकाटी आणि अपयशानंतरचे त्याचे वागणे पुष्कळसे अवलंबून असते, असे त्याचे सार. मानसशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत याला ‘स्व-कार्यक्षमता’ म्हणतात. शब्द जरा कारखान्यातला वाटतो, म्हणून मी येथे ‘स्वक्षमतेचा विश्वास’ म्हणतो.

हा विश्वास म्हणजे स्वाभिमान नव्हे, हे ध्यानात घ्यायला हवे. पालकांचा आणि शिक्षकांचाही येथेच गोंधळ होतो. आपल्या किनाऱ्यावरचा कोळी खवळलेल्या समुद्रात होडी घालतो. त्यालाच रविवारच्या मिस्सात पहिले वाचन करायला उभे केले तर त्याला घाम फुटतो. म्हणून त्याला स्वतःची किंमत वाटत नाही असे नाही. एक काम जमते, दुसरे जमणार नाही, असे त्याचे मन सांगते, इतकेच. तेव्हा ‘माझ्या मुलाला आत्मविश्वासच नाही’ या तक्रारीला फारसा अर्थ नसतो. कशाचा नाही, हे विचारले पाहिजे. घरी वाजवण्याचा? शिक्षकांसमोर? अनोळखी परीक्षकासमोर? पाठ केलेले विसरल्यास पुढे चालू ठेवण्याचा?

बांडुरांचा या विषयावरचा मोठा ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला. सहाशे पानांचा हा ग्रंथ वाचणे सोपे नाही. लेखक एकच मुद्दा शाळा, रुग्णालय, क्रीडांगण, कचेरी अशा क्षेत्रांतून फिरवीत नेतो आणि प्रत्येक ठिकाणी तोच सिद्ध झाला असे दाखवतो. शंभराव्या पानानंतर वाचकाच्या मनात अशी शंका येते की, ज्या किल्लीने सगळीच कुलपे उघडतात ती किल्ली आहे की हातोडा! क्रीडेला त्यात स्वतंत्र प्रकरण आहे, संगीताला नाही. मात्र शेवटच्या प्रकरणात समूहाच्या विश्वासाविषयी जे लिहिले आहे ते गायनवृंदाच्या कोणत्याही शिक्षकाने वाचावे. समूहाचा विश्वास ही व्यक्तींच्या विश्वासाची निव्वळ बेरीज नसते. बारा धीट गायकांचा वृंद एकमेकांवर भरवसा नसल्याने कोसळतो आणि बारा भित्र्यांचा वृंद तरून जातो, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

आता मोजमापाकडे वळू. अशा प्रश्नावल्या कशा तयार कराव्यात याविषयी बांडुरांचे एक मार्गदर्शनपर टिपण २००६ साली प्रसिद्ध झाले. मला ते त्यांच्या ग्रंथाहून अधिक उपयोगी वाटले. शून्यापासून शंभरापर्यंत दहा-दहाच्या पायऱ्या असाव्यात. शून्य म्हणजे मुळीच जमणार नाही, शंभर म्हणजे पक्की खात्री. प्रश्न ‘करशील का’ असा नसावा, ‘करू शकतोस का’ असा असावा, कारण पहिल्याने हेतू कळतो, दुसऱ्याने क्षमतेचा अंदाज. पुढे कधीतरी नव्हे, आजच्या घडीला काय जमेल, ते विचारावे. कामाच्या पायऱ्या चढत्या काठिण्याच्या असाव्यात, कारण जे काम सर्वांनाच जमते त्याविषयी विचारून काहीच कळत नाही. मुलांना आकड्यांची सवय व्हावी म्हणून आधी एखादे साधे उदाहरण द्यावे: किती वजनाची वस्तू उचलू शकशील? आणि उत्तरे खासगी असावीत, त्यांवर नाव नसावे, प्रश्नावलीच्या माथ्यावर आत्मविश्वासाचा उल्लेखही नसावा. नाही तर माणूस आपली प्रतिमा जपण्यासाठी उत्तरे लिहितो. ज्याला माणसांचा अनुभव आहे अशानेच हे लिहिले आहे, हे जाणवते.

संगीताच्या क्षेत्रात ही पट्टी वापरणाऱ्यांत गॅरी मॅकफर्सन आणि जॉन मॅकॉर्मिक ही ऑस्ट्रेलियातील संशोधकांची जोडी अग्रेसर आहे. बाहेरील परीक्षामंडळाच्या श्रेणी परीक्षांना बसलेल्या वादक मुलामुलींकडून त्यांनी परीक्षेच्या वेळीच प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि नंतर मिळालेल्या गुणांशी त्या ताडून पाहिल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३३२ विद्यार्थी होते, २००६ सालच्या अभ्यासात ६८६. दोन्ही वेळा गुणांचा सर्वांत चांगला अंदाज विद्यार्थ्याच्या स्वक्षमतेच्या विश्वासावरून आला. सरावाला महत्त्व होतेच. पण किती तास सराव केला यापेक्षा आपल्याला जमेल असे किती वाटते, यावरून निकाल अधिक नीट सांगता आला.

लॉरा रिची आणि आरॉन विल्यमन यांनी इंग्लंडमध्ये २०११ साली एक सूक्ष्म भेद पुढे आणला. संगीत शिकण्याविषयीचा विश्वास आणि ते लोकांसमोर सादर करण्याविषयीचा विश्वास या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत व त्या निरनिराळ्याच मोजल्या पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक शिक्षकाला हे ठाऊक असते, पण कोणी मोठ्याने म्हणत नाही. नवे गीत दोन दिवसांत उचलणारी आणि रविवारी मायक्रोफोन पाहताच दगड होणारी मुलगी कोणत्या धर्मग्रामात नसते?

अमेरिकेत फ्लॉरिडा येथे मायकेल झेलेनाक यांनी २०१० साली शालेय वाद्यवृंदातील विद्यार्थ्यांसाठी खास सादरीकरणाची अशी २४ विधानांची पट्टी तयार केली. तिची उभारणी बांडुरांनी सांगितलेल्या चार उगमांवर आहे. पहिला, स्वतः एखादी गोष्ट करून दाखवल्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच कोणाला ती करताना पाहिल्याचा अनुभव. तिसरा, इतरांनी शब्दांनी दिलेला धीर. चौथा, त्या वेळची शरीराची व मनाची अवस्था. यांपैकी पहिल्याचे बळ सर्वाधिक, असे बांडुरांप्रमाणे झेलेनाक यांनाही आढळले.

या पट्टीविषयी माझा पहिला आक्षेप रचनेचा आहे. बावखलात पाणी किती आहे हे मोजणे वेगळे, आणि त्याला झरे किती आहेत हे मोजणे वेगळे. शिक्षकांनी तुझी स्तुती केली काय, तुझ्यासारख्या मुलांना वाजवताना तू पाहिलेस काय, अशा अंगाने विचारत गेल्यास झरे कळतात, आणि ते कळणे उपयोगाचेही आहे, कारण एखादा झरा बुजला असेल तर तो उपसता येतो. पण चारही झरे वाहते असून बावखल कोरडे, असा विद्यार्थी मी पाहिला आहे. वडील संगीतकार, घरात पियानो, कौतुकाला तोटा नाही, लहानपणापासून बक्षिसे. आणि तरीही प्रत्येक कार्यक्रमापूर्वी तो मला ‘आजच शेवटचं’ असे सांगत असे. त्याच्या बेरजेत आकडा मोठाच आला असता.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे, आणि तो कोणा परदेशी संशोधकाच्या लक्षात येण्याचे कारण नाही. शून्य ते शंभर ही पट्टी आपल्या मुलाच्या हाती दिली की ती त्याला गुणपत्रिका वाटते. महाराष्ट्रात वाढलेल्या मुलाच्या मनात पस्तीस या आकड्याला एक जागा आहे: पस्तीस म्हणजे पास. ‘चाळीस’ लिहिणाऱ्याला आपण सुखरूप पार पडलो असे वाटत असते. मोजणाऱ्याला मात्र तो डळमळीत दिसतो. त्यातून एखादा ट्रिनिटीच्या परीक्षांना बसलेला असेल तर त्याची सीमारेषा साठावर असते, कारण तेथे ६० ला उत्तीर्ण, ७५ ला विशेष श्रेणी आणि ८७ ला सर्वोच्च श्रेणी. एका बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या ‘साठ’चा अर्थ एक नव्हे.

आणि नम्रतेचे काय? आपल्या घरांतून स्वतःची फुशारकी मारू नये असे मुलांच्या मनावर बिंबवलेले असते. चांगले गाणाऱ्या मुलीला कोणी ‘छान गातेस’ म्हटले तर तिने मान खाली घालून ‘कुठलं काय’ म्हणावे, अशी आपली रीत. त्या मुलीने कागदावर ‘नव्वद’ लिहावे, अशी अपेक्षा कशी करायची? तिला नव्वद वाटतच असते. लिहिताना ती साठ लिहिते. नाव न घालता उत्तरे घ्यावीत हा बांडुरांचा उपाय काही अंशी लागू पडेल. परंतु ज्याला संकोच आतूनच आहे, तो एकांतातही संकोचतोच. नम्रता आणि अविश्वास यांचा बाहेरचा चेहरा आपल्या समाजात सारखाच दिसतो. मोठ्यांनाही त्यांतला फरक ओळखता येत नाही, मग पट्टीला कोठून येणार? ही नम्रता मला प्रिय आहे. पण तिच्या आड किती मुले बुजून गेली, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारलेला नाही.

तिसरी शंका कार्यकारणाची. ज्याला चांगले येते त्याला विश्वास असतो, हे सांगायला ६८६ विद्यार्थी कशाला हवेत, असे कोणी म्हणेल. ही शंका टाळण्यासारखी नाही. गणिताविषयीचा १९८२ सालचा एक अभ्यास तिला थोडेफार उत्तर देतो. जेनेट कॉलिन्स यांनी सारख्याच कुवतीच्या मुलांची तुलना केली, तेव्हा ज्यांचा स्वतःवर अधिक विश्वास होता त्यांनी अधिक उदाहरणे सोडवली व चुकलेली पुन्हा हाताळण्याची तयारी दाखवली. म्हणजे कुवत एक असूनही विश्वासाने फरक पडतो. संगीतात मात्र कुवत अशी वेगळी काढून समान धरणे कठीण आहे. परीक्षेच्या तोंडावर विद्यार्थी स्वतःच्या निकालाविषयी अंदाज बांधतो, तेव्हा त्या अंदाजात त्याला आपली तयारी ठाऊक असण्याचाही भाग असतोच. तेवढ्यापुरता त्या निष्कर्षांचा भार मी थोडा कमी धरतो.

चौथ्या उगमाविषयी, म्हणजे देहाच्या अवस्थेविषयी, आपल्याकडे सर्वाधिक गैरसमज आहे. हात थंड पडणे, तोंड कोरडे पडणे, धनू धरलेला हात कापणे याला आपण भीती म्हणतो आणि भीतीला अपात्रता. पाब्लो कासाल्स हे विसाव्या शतकातील चेलोवादकांचे मुकुटमणी. मंचावर जाण्यापूर्वीची धास्ती त्यांना आयुष्यभर सुटली नाही, हे त्यांनी स्वतः सांगून ठेवले आहे. १९०१ साली अमेरिकेच्या दौऱ्यात कॅलिफोर्नियातील एका डोंगरावर दरड कोसळून त्यांचा डावा हात चिरडला. तेव्हा, आता चेलो वाजवावा लागणार नाही याबद्दल देवाचे आभार मानावेत, हाच विचार त्यांच्या मनात प्रथम आला! हात बरा झाला आणि त्यानंतर ते सत्तर वर्षे वाजवीत राहिले. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ यांनी कीर्तीच्या शिखरावर असताना १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षे जाहीर मैफल केली नाही. यांना आपली कला येत नव्हती असे कोण म्हणेल? बांडुरांचे म्हणणे असे की, शरीराची खळबळ निर्णायक नसते, तिचा माणूस काय अर्थ लावतो ते निर्णायक असते. एकाला ती तयारीची खूण वाटते, दुसऱ्याला पराभवाची. या मुद्द्यावर मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. ‘घाबरू नकोस’ हा आपला आवडता उपदेश म्हणूनच निरुपयोगी. घाबरलेल्या मुलीला त्यातून एवढेच कळते की, आपले घाबरणे दिसते आहे आणि ते चूक आहे. ‘हात थंड पडले? माझेही पडतात, दोन ओळी वाजवल्या की गरम होतात’, असे सांगितलेले अधिक बरे. हृदयाची धडधड मंदावणाऱ्या गोळ्या घेऊन वाजवण्याची प्रथा परदेशातील व्यावसायिक वादकांत आहे. तंतुवादकांवरील त्यांच्या परिणामाचा अभ्यास १९७७ सालीच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. अशा गोळ्या दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकतात, तेव्हा कोणा उत्साही पालकाच्या कानावर ही गोष्ट आली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

आता तिसऱ्या उगमाकडे, शब्दांकडे. येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. धर्मग्रामांची आपसांत गीतस्पर्धा होती आणि आमचा वृंद त्या वर्षी विशेष तयार होता. दुसऱ्या रांगेत एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याचा आवाज फुटत होता. वरच्या पट्टीत तो घसरे आणि शेजारच्या दोघांना ओढून नेई. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्याला बाजूला घेतले आणि सांगितले, ‘उद्या तू नुसते ओठ हलव.’ रागावून नव्हे, अगदी मायेने सांगितले. आम्हाला पहिले बक्षीस मिळाले. ढाल अजून सभागृहातील कपाटात आहे. पुढच्या वर्षी तो मुलगा सरावाला आला नाही. मुले अशी येतात-जातात, म्हणून मीही विचारले नाही. आज तो दोन मुलांचा बाप आहे. रविवारी शेवटच्या बाकाजवळ उभा असतो आणि सारे मंदिर गात असते तेव्हा त्याचे तोंड मिटलेले असते. काही वर्षांपूर्वी एका लग्नात गाठ पडली तेव्हा मी त्याला सहज म्हटले, ‘तू गात का नाहीस रे?’ तो हसला. ‘सर, मला सूर नाही. तुम्हीच सांगितलं होतं.’

आवाज फुटणे ही काही महिन्यांची, फार तर दोनेक वर्षांची अवस्था. मी त्या अवस्थेवर निकाल दिला आणि त्याने तो आयुष्यभरासाठी मानला. शब्दांनी विश्वास उभा करणे कठीण, पण शब्दांनी तो मोडणे फार सोपे, असे बांडुरांनी लिहून ठेवले आहे. ते वाचले तेव्हा पुढची काही पाने मला वाचवली नाहीत.

स्तुतीचेही तसेच. स्तुती केली की विश्वास वाढतो हा समज सरसकट खरा नाही. १९९८ साली क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी अमेरिकेतील पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. एका गटाला ‘तू हुशार आहेस’ असे सांगितले, दुसऱ्याला ‘तू मेहनत घेतलीस’ असे. पुढे अवघड कोडी दिल्यावर हुशार म्हटलेल्यांनी लवकर हाय खाल्ली आणि त्यांची पुढची कामगिरीही खालावली. संगीतात ‘हुशार’च्या जागी आपण ‘देणगी’ हा शब्द वापरतो. ‘हिला देवाची देणगी आहे’ असे आपण मुलीच्या देखत कौतुकाने म्हणतो. पहिल्याच अपयशात ती मुलगी मनाशी काय समजत असेल? देणगी काढून घेतली गेली, असेच ना? ‘काल दुसऱ्या ओळीत श्वास तुटत होता, आज तुटला नाही’ हे वाक्य रुक्ष आहे; पण त्यातून मुलीला आपण काय केले आणि उद्या काय करता येईल, हे कळते.

जपानचे व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांना हे सारे कोणत्याही पट्टीवाचून उमगले होते असे दिसते. त्यांच्या पद्धतीत लहान मूल ऐकून शिकते, आई किंवा वडील सोबत शिकतात, आणि थोडे मोठे व थोडे लहान विद्यार्थी एकत्र वाजवतात. चार वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मुलाला तेच गीत वाजवताना पाहते. बांडुरांचा दुसरा उगम तो हाच. महान वादकाची ध्वनिफीत ऐकून स्फूर्ती येते, विश्वास येतोच असे नाही. शेजारच्या आळीतल्या, कालपर्यंत चुकणाऱ्या मुलाला आज जमले हे पाहून येतो. या पद्धतीवर एकसुरीपणाचा जो आरोप होतो तो मला अगदीच निराधार वाटत नाही. शंभर मुले एकाच वेळी तीच धून वाजवताना पाहून मन थोडे बिचकते. परंतु भीड चेपण्याची तिची रीत निर्दोष आहे.

आपल्याकडे याहून जुनी एक व्यवस्था होती. गोव्यातील चर्चना जोडलेल्या शाळांतून पोर्तुगीज काळात मुलांना स्वरलेखन वाचायला, गायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. वृंदप्रमुख, म्हणजे ‘मेस्त्री’, शिस्तीचा कडक असे; छडीही असे. त्या छडीचे समर्थन मी करणार नाही. पण शिकलेले येत्या रविवारी, येत्या सणाला, येत्या नोव्हेनाला लोकांसमोर वाजवायचे असे, आणि त्याला गुण नसत. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कागदावरचे स्वर पाहताक्षणी वाजवणारे जे गोवेकर वादक आणि संयोजक नावाजले, त्यांच्यातील अनेकांची पायाभरणी या शाळांत झाली. माजोर्डा गावी १९२७ साली जन्मलेले अँथनी गोन्साल्विस यांचे वडीलच गावच्या चर्चचे वृंदप्रमुख होते. संगीतकार प्यारेलाल यांनी व्हायोलिनचे धडे घेतले ते या गोन्साल्विस सरांकडे. दर आठवड्याला छोटे, निश्चित, पार पाडता येण्याजोगे काम आणि ते पार पडल्याचा अनुभव, याहून बांडुरांच्या पहिल्या उगमाचे नेमके उदाहरण मला ठाऊक नाही.

याच्या शेजारी आजचे आपले वेळापत्रक ठेवून पाहावे. मूल वर्षभर तीन तुकडे घोटते, एकदा परीक्षकासमोर दहा-पंधरा मिनिटे वाजवते, आणि त्यानंतर पुढच्या वर्षीचे तीन तुकडे हाती घेते. लोकांसमोर वाजवण्याचा त्याचा वर्षाचा अनुभव तेवढाच. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसणाऱ्या तबला-पेटीच्या विद्यार्थ्यांचीही बहुधा तीच गत. परीक्षा असू नयेत असे मी म्हणत नाही. त्यांमुळे शिस्त आली, दर्जा आला. पण त्या क्षमतेचे मोजमाप करतात, क्षमतेचा विश्वास घडवणे हे त्यांचे काम नव्हे, आणि आपण ते काम त्यांच्यावर सोपवून मोकळे झालो आहोत. रविवारच्या मिस्सात प्रतिसाद-स्तोत्राची एक ओळ एका मुलाने म्हणायला किती वेळ लागतो? पण ती ओळ गेली पाच वर्षे एकच चांगला आवाज म्हणत असतो, कारण मिस्सा सुंदर झाली पाहिजे. त्या सौंदर्याची किंमत बाकीची मुले देतात. मीही ती वसूल केलेली आहे.

गेल्या वर्षी जानेवारीत मी आमच्या वृंदातील मुलांसाठी अकरा प्रश्नांची एक पट्टी मराठीत तयार केली. शंभराचा आकडा मुद्दामच टाळला आणि दहा पायऱ्यांचा जिना काढला. खालची पायरी ‘मुळीच नाही’, वरची ‘नक्की’. सर्वांबरोबर गाणे, चौघांत गाणे, दोघांत गाणे, सरावाच्या खोलीत एकट्याने, मंदिरात एकट्याने, चुकल्यावर न थांबता पुढे गाणे, असे चढते प्रश्न. नाव लिहायचे नाही. मुलांनी दहा मिनिटांत कागद परत दिले. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे आणि तिचे निष्कर्ष सांगण्याची माझी इच्छाही नाही. एक कागद मात्र लक्षात राहिला. ‘मंदिरात एकट्याने’ या प्रश्नापुढे तिसरी पायरी रंगवलेली होती. त्याखाली कोणी न विचारता पेन्सिलीने एक ओळ जोडलेली होती, ‘बाजूला कोणीतरी उभं असेल तर’, आणि त्यापुढे स्वतःच काढलेल्या छोट्या जिन्याची सातवी पायरी रंगवलेली होती.

अक्षर ओळखीचे होते, पण मी ते ओळखले नाही असेच वागलो. उपवासकाळापासून स्तोत्राची ओळ म्हणणाऱ्या प्रत्येकाबरोबर एक सोबती उभा करायचा, त्याने गायचे नाही, पुस्तक धरायचे, असा नियम सर्वांसाठी केला. तीन-चार जणांना तो पोरकट वाटला. जूनमध्ये तीच पट्टी पुन्हा भरून घेतली. त्या अक्षरातल्या कागदावर ‘मंदिरात एकट्याने’पुढे पाचवी पायरी रंगवलेली होती. खाली जोडलेली ओळ या खेपेस नव्हती.